चिमणीच्या जाळ्या धुताना: खानदेशातून वारंवार येणारे प्रश्न

स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या चिमणीबद्दल जळगाव, धुळे, नंदुरबार आणि आसपासच्या गावांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न 'कोणतं लिक्विड चांगलं' असे असतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो. लिक्विडपेक्षा दोन गोष्टींना जास्त महत्त्व आहे: चिकटा किती जुना आहे आणि जाळी कोणत्या धातूची आहे. ताजा चिकटा भांड्यांच्या साबणाने निघतो. सहा महिन्यांचा चिकटा कशानेच धड निघत नाही.

१. आमच्या चिमणीत कोणता फिल्टर आहे, हे कसं ओळखायचं?

खालून वर पाहा. बारीक तारांच्या जाळीचे थर एकावर एक दिसले तर तो मेश फिल्टर, म्हणजे जाळीचा. तो बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी दिसल्या तर तो बॅफल फिल्टर. पट्ट्यांच्या वळणांवर हवा झटकन वळते, तेलाचे थेंब वळू शकत नाहीत, ते पट्टीवर आपटून खाली ओघळतात. म्हणून तो लवकर तुंबत नाही. जाळी किंवा पट्ट्या काहीच नसून नुसता गुळगुळीत भाग आणि खाली तेलाची वाटी असेल, तर ती फिल्टरलेस चिमणी (प्रश्न ११). आणि चिमणीला बाहेर जाणारा पाइपच नसेल, तर आत कोळशाचा फिल्टरही असणार (प्रश्न १२).

२. किती दिवसांनी धुवायचा?

पुस्तिकेतला आकडा साधारण स्वयंपाक धरून दिलेला असतो. आपल्याकडे फोडणी खमंग लागते, वाटण तेलात काळं होईपर्यंत परततात, शेवभाजीवर तर्री आली नाही तर पाहुणे नाराज होतात. अशा घरात मेश फिल्टर दर आठ ते पंधरा दिवसांनी आणि बॅफल तीन ते चार आठवड्यांनी धुवावा. दोनच माणसांचं घर आणि वरण-भात-भाकरीचा स्वयंपाक असेल तर याच्या दुप्पट वेळ चालेल.

तारखेपेक्षा बोट जास्त खरं सांगतं. जाळीवर बोट फिरवा. तेल ओलसर लागलं तर अजून वेळ गेलेली नाही. बोट चिकटून ओढल्यासारखं वाटलं की त्याच आठवड्यात धुवा. अखाजीच्या सांजोऱ्या, कानबाईचे रोट, दिवाळीचा फराळ यांच्यानंतर मात्र बोट वगैरे न लावता सरळ धुवायला काढा.

३. धुण्याची साधी पद्धत सांगा, आमच्याकडे पाणी रोज येत नाही.

एका फिल्टरला दहा-बारा लिटर पाणी पुरतं.

आधी चिमणी बंद करा, प्लग काढा, प्लग हाताला येत नसेल तर एमसीबी पाडा. स्वयंपाक नुकताच झाला असेल तर अर्धा तास थांबा. शेगडीवर जुना पेपर पसरा, फिल्टरची कडी दाबून तो खाली काढा. हातात रबरी मोजे घाला, पट्ट्यांच्या कडा धारदार असतात.

पाण्यात घालण्याआधी कागदाने जमेल तेवढं तेल पुसून घ्या. ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग सगळं पाणी तेलकट करून बसतात. नंतर कपड्यांच्या टबात हात सोसवेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी, दोन चमचे भांड्यांचं लिक्विड आणि दोन-तीन चमचे खायचा सोडा घाला. फिल्टर त्यात वीस-पंचवीस मिनिटं बुडवून ठेवा, अ‍ॅल्युमिनियमची जाळी असेल तर वीसच (प्रश्न ५). टब लहान असेल तर अर्ध्या वेळाने फिल्टर उलटा करा. मग नायलॉनच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासा, पट्ट्यांच्या खोबणीत जुना टूथब्रश फिरवा. तारेचा काथ्या लावू नका. शेवटी साध्या पाण्याने धुऊन उभा करून निथळत ठेवा.

जाळी उजेडासमोर धरून पाहा. सगळीकडून सारखा उजेड दिसला तर काम झालं. वाळवायला गच्चीवरचं ऊन आहेच, कुरडया वाळतात तिथेच एक कोपरा द्या. फक्त मे महिन्यातल्या दुपारी तो फिल्टर उघड्या हाताने उचलू नका.

फिल्टर बसवताना कडी आपल्या बाजूला राहते. बॅफलला निथळण्याची बारीक भोकं असतील तर ती खालच्या बाजूला यायला हवीत.

४. वर्षभर धुतलाच नाही. आता पिवळा-तपकिरी थर बसलाय, साबणाने हलत नाही.

तो थर आता नुसतं तेल राहिलेला नाही. उष्णता आणि हवा लागून तेल घट्ट होत जातं आणि शेवटी वार्निशासारखा कडक पापुद्रा तयार होतो. साबण तेल सोडवतो, वार्निश सोडवत नाही.

फिल्टर स्टीलचा असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घाला, पाच लिटरला अर्धी वाटी, आणि एक-दोन तास भिजत ठेवा. पापुद्रा मऊ झाला की लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, पुन्हा भिजवा. एका बैठकीत सगळं निघायला हवं असा हट्ट धरू नका. तीन वेळा थोडं थोडं काढलं तर फिल्टर वाकत नाही आणि हातही शाबूत राहतात.

अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला हा उपाय करू नका (प्रश्न ५). तिच्या आतल्या थरांत चिकटा बसला असेल तर सरळ नवी जाळी घ्या, असंच आम्ही सांगतो. जाळी ही झिजणारी वस्तू आहे, तिच्यासाठी दिवसभर कंबर मोडायची गरज नाही.

५. सोड्यात भिजवल्यावर जाळी काळी पडली. वाया गेली का?

वाया गेली नाही. अ‍ॅल्युमिनियमवर एक पातळ संरक्षक थर असतो. क्षार लागला की तो विरघळतो आणि धातू करडा-काळा पडतो. खायचा सोडा त्या मानाने सौम्य, पण पाण्यात उकळला तर त्याचाही धुण्याचा सोडा होतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमसाठी पाणी गरम हवं, उकळतं नको, आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त भिजवू नये. काळी झालेली जाळी तेल पूर्वीसारखंच पकडते. रंग खटकत असेल तर लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून काढा, थोडी उजळेल.

कॉस्टिक सोडा मात्र अ‍ॅल्युमिनियमजवळ आणूच नका. तो धातू खातो, त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो, आणि थेंब डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी नाली मोकळी करण्याची पावडर बहुधा तीच असते.

धातू ओळखायला लोक लोहचुंबक लावतात. चुंबक चिकटला तर स्टील, हे खरं. पण नाही चिकटला तर अ‍ॅल्युमिनियमच असेल असं नाही, चांगल्या प्रतीच्या ३०४ स्टीलला चुंबक चिकटत नाही. अशा वेळी वजन पाहा. अ‍ॅल्युमिनियम हाताला लगेच हलकं लागतं.

६. धुतल्यावर पांढरे डाग राहतात, साबण राहिलाय का?

बोअरचं पाणी असेल तर तो क्षार आहे. नळाखालच्या बादलीला बसतो तोच. शेवटचा हात आरओच्या, म्हणजे क्षार काढलेल्या पाण्याने फिरवा किंवा धुतल्याबरोबर सुती फडक्याने पुसा. बसलेला डाग लिंबूसत्वाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने जातो. जड पाण्यात साबणाचा फेसही कमी होतो, त्यामुळे लिक्विड थोडं जास्त लागेल.

७. रॉकेल किंवा पेट्रोलने चिकटा लगेच निघतो, मग ते का नको?

निघतो, हे खरंच आहे. गॅरेजमध्ये तेच करतात. पण हा फिल्टर परत शेगडीच्या वर बसणार आहे. जाळीच्या थरांत राहिलेला अंश आणि त्याची वाफ ज्योतीच्या दोन-अडीच फूट वर, अशी जोडी कोणी करू नये. पेट्रोलची वाफ तर धुतानाही, लांबच्या ठिणगीने पेटते. थिनरचंही तेच.

८. आमच्या सासूबाई म्हणतात राखेने घास, सगळं निघतं.

सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाही. राख क्षारयुक्त असते, म्हणून तेल कापते. पितळेच्या आणि लोखंडी भांड्यांना ती वर्षानुवर्षं चालली. पण तिच्यात खरखरीत कणही असतात. पॉलिश केलेल्या स्टीलवर ओरखडे उठतात आणि पुढच्या वेळी चिकटा त्याच ओरखड्यांत आधी बसतो. अ‍ॅल्युमिनियमचं काय होईल ते प्रश्न ५ मध्ये आहेच. चाळलेली राख बॅफलच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला वापरायला आमची हरकत नाही.

९. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकलं की खूप फसफसतं. ते चांगलं ना?

फसफस दिसायला छान, कामाला फारशी नाही. आम्ल आणि क्षार एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं जवळपास नुसतं खारं पाणी. तेलासाठी सोडा, पाण्याच्या डागांसाठी व्हिनेगर, दोन्ही वेगवेगळ्या वेळी. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीच मात्र कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. फिल्टरला तर दोन्ही वेगवेगळेही लावू नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात.

१०. ऑटोक्लीन चिमणी घेतली, तरी धुवावं लागतं म्हणतात. मग फायदा काय?

ऑटोक्लीनमध्ये आतला हीटर चालू होतो, ब्लोअरभोवती (म्हणजे धूर ओढणाऱ्या आतल्या पंख्याभोवती) साठलेलं तेल पातळ होतं आणि वाटीत उतरतं. फायदा आहेच, पण तो आतल्या भागासाठी. बाहेरची काच, बटणांची पट्टी, वाटी आणि असेल तर फिल्टर, हे सगळं हातानेच पुसायचं. बटण साधारण महिन्यातून एकदा, जास्त तळण असेल तर पंधरा दिवसांनी दाबा. शेगडी बंद असताना दाबा आणि आधी वाटी रिकामी करा. वर्षभर बटण दाबलंच नाही आणि मग एकदम दहा वेळा दाबलं, तर कडक झालेलं तेल उतरत नाही. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

११. फिल्टरलेस चिमणीला देखभाल लागतच नाही ना?

विकणारे असंच सांगतात. धुवायला जाळी नाही, एवढंच खरं. तेल पकडायचं काम आता फिरणारा ब्लोअर करतो, म्हणून ऑटोक्लीन नियमित करणं आणि वाटी पाहणं इथे जास्त महत्त्वाचं. आतला गुळगुळीत भाग आठवड्यातून एकदा साबणाच्या ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसा. आत स्प्रे मारू नका. तो मोटरपर्यंत जातो.

१२. पाइप नसलेल्या चिमणीचा काळा फिल्टर धुतला, आता वासच जात नाही.

तो कोळशाचा फिल्टर. वास शोषणं हे त्याचं काम, आणि त्याची भोकं भरली की तो संपला. साबणाने ती मोकळी होत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत बदलायचा असतो. तिखट फोडणीच्या घरात तीनच धरा. तेल पकडणारी जाळी वेगळी असते, ती मात्र धुवायची.

१३. वाटीतल्या तेलाचं काय करायचं?

मोरीत ओतू नका. धुळ्याच्या थंडीत पारा एक आकडी उतरतो, तेव्हा ते पाइपात लोण्यासारखं गोठतं आणि मोरी तुंबते. राखेत किंवा लाकडाच्या भुशात कालवून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. दिव्याला किंवा तळणाला वापरू का, असंही विचारतात. त्यात धूर, धूळ, कधी झुरळाची पिल्लं असतात. नको.

१४. भाजीत वरून तेलाचा थेंब पडला!

चार कारणं असतात. वाटी भरली असेल. फिल्टर तेलाने गच्च झाला असेल. फिल्टर उलटा बसवला असेल. किंवा धुतल्यावर ओला असतानाच लावला असेल, म्हणजे तो थेंब पाण्याचा. उन्हाळ्यात या तक्रारी वाढतात. बाहेर ४४-४५ अंश असताना स्वयंपाकघरात तेल पातळच राहतं आणि थंडीत जे जाळीला धरून बसलं होतं ते एकदम खाली येतं. म्हणून होळीच्या आसपास एकदा नीट धुऊन घेतलं की मे महिना सुखात जातो.

१५. फिल्टर लख्ख धुतला, तरी चिमणी धूर ओढत नाही.

आधी खात्री करा. पूर्ण वेगावर वर्तमानपत्राचं एक पान फिल्टरला लावा. ते चिकटून राहिलं तर चिमणी ठीक आहे आणि दोष स्वयंपाकघरातल्या हवेचा आहे. छताचा पंखा चालू असेल तर धूर चिमणीपर्यंत पोहोचायच्या आधीच पसरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखा बंद करा म्हणणं सोपं नाही, कळतं आम्हाला. निदान फोडणीपुरता बंद करा. सगळी दारं-खिडक्या घट्ट लावल्या असतील तर ओढायला हवाच मिळत नाही. चिमणीसमोरची खिडकी सताड उघडी ठेवण्यापेक्षा शेजारच्या खोलीचं दार किलकिलं ठेवा. चिमणी फोडणी टाकल्यावर लावू नका, गॅस पेटवतानाच लावा आणि स्वयंपाक संपल्यावर पाच-दहा मिनिटं चालू राहू द्या.

पान पडलं, तर पाइप पाहा. सहा इंची तोंडाला चार इंची पाइप जोडलेला आम्ही पुष्कळ घरांत पाहतो, फर्निचरवाल्याला भोक लहान ठेवायचं असतं म्हणून. तसं झालं की ओढ निम्म्यावर येते आणि आवाज वाढतो. दर वळणाला ओढ कमी होते, चेपलेल्या घडीच्या पाइपात आणखी कमी. बाहेरच्या तोंडाशी पारव्याने किंवा चिमणीने घरटं केलं असेल तर तेही कारण. अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा, मग झाकण किंवा झडप बसवा. बाहेर बारीक मच्छरजाळी बसवू नका, महिनाभरात ती तेलाने आणि वावटळीच्या धुळीने बुजते.

शेगडीपासून चिमणीची उंचीही मोजा. २६ ते ३० इंच ठीक. उंच माणसाचं डोकं लागतं म्हणून तीन फुटांवर बसवली असेल तर कितीही धुवा, धूर बाजूने निसटणारच.

हे सगळं नीट असेल तर ब्लोअरवर चिकटा बसला आहे. ते काम प्रश्न १९ मध्ये.

१६. भरिताची वांगी गॅसवर भाजताना चिमणी चालू ठेवावी की बंद?

हा प्रश्न हिवाळ्यात दर आठवड्याला येतो. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं असलं, तरी त्याची जळकी साल फिल्टरमध्ये तशीच उडून बसते.

भांड्याशिवाय उघडी ज्योत चिमणीखाली ठेवू नये, हा नियम. ज्योतीची धग थेट फिल्टरवर जाते, तिथे तेल साठलेलं असेल तर ते पेटू शकतं. भाजायचंच असेल तर मध्यम आचेवर, वांग्याला टोचे देऊन (न टोचता भाजलं तर ते फुटतं), जाळीच्या स्टँडवर, समोर उभं राहून भाजा. चिमणी कमी वेगावर ठेवा. पूर्ण वेगाने ती ज्योत आणि सालीचे तुकडे वर खेचते. फिल्टर धुतलेला असावा.

आणि खरं सांगायचं तर गॅसवरच्या भरिताला ती चव नाही. अंगणात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांवर भाजा, चिमणीही वाचेल. चिमणीखाली काड्या पेटवायचा प्रकार मात्र कोणी करू नका, हसण्यावारी नेऊ नका, लोक विचारतात.

१७. मिरच्या भाजल्या की चिमणी असूनही घरभर ठसका.

नंदुरबारची मिरची असेल तर शेजारच्या घरातही. मिरचीचा तिखटपणा सूक्ष्म कणांनी हवेत उडतो, जाळी ते सगळे अडवू शकत नाही. पाइपाची चिमणी ते बाहेर टाकते, बिनपाइपाची बरेच परत घरात सोडते. मागच्या शेगडीवर, झाकण अर्धं ठेवून भाजा. वर्षाच्या मसाल्याची भाजणी असेल तर ती गच्चीवरच करा. नंतर फिल्टर धुताना मोजे आणि चष्मा घाला, गरम पाण्याच्या वाफेबरोबर तिखट पुन्हा नाकात जातं.

१८. वॉशिंग सेंटरवर गाडीबरोबर फिल्टरही धुऊन आणला तर?

बॅफल चालेल, प्रेशरचं पाइप दीड-दोन फूट लांब धरायला सांगा. अ‍ॅल्युमिनियमची जाळी फाटते. आणि गाडीचं तेच लिक्विड फिल्टरला लावायला देऊ नका, त्यात काय आहे ते त्या पोरालाही माहीत नसतं.

१९. आमना गावले सर्व्हिसवाला येस नही, मंग आम्ही स्वतः खोलानं का?

फिल्टर, वाटी, दिव्याची काच आणि बाहेरचा पत्रा, इथपर्यंत सगळं घरी करा. ब्लोअरचं घर उघडू नका. आत विजेच्या तारा आहेत, वीज साठवणारा कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो, आणि ब्लोअरचा तोल बिघडला तर नंतर कायमची घरघर. वॉरंटी असेल तर तीही जाते. नुसता फिल्टर काढून धुतल्याने ती जात नाही.

तालुक्याच्या गावाहून माणूस बोलवायचा तर तीन-चार घरं मिळून एकाच दिवशी बोलवा, येण्याजाण्याचा खर्च वाटला जातो. वर्षातून एकदा पुरे. तो ब्लोअर काढून धुतो की वरून स्प्रे मारून निघून जातो, ते उभं राहून पाहा. नंतर प्रश्न १५ मधली कागदाची परीक्षा त्याच्यासमोरच घ्या.

गावात विजेचा दाब वर-खाली होत असेल तर मोटर गरम होऊन आपोआप बंद पडते. त्याचा फिल्टरशी संबंध नाही, वायरमनला दाखवा.

२०. फिल्टरला फॉइल किंवा कापड लावलं तर धुणं वाचेल का?

धुणं वाचेल आणि ओढही जाईल. फॉइलने वाट बुजते, कापड तेल पिऊन वातीसारखं पेटतं.

२१. चिमणीत आग दिसली तर काय करायचं?

चिमणी बंद, गॅस बंद, जमल्यास सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद. चिमणी चालू राहिली तर ती आगीला हवा देते आणि ज्वाळा पाइपात खेचते. पाणी मारू नका, तेल उडून आग पसरते आणि वीजही आहे. कढई पेटली असेल तर तिच्यावर मोठं झाकण ठेवा, कढई उचलू नका. आग पाइपात गेली असेल तर घराबाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

२२. आमचा शेवभाजीचा ढाबा आहे, हेच नियम लागतात का?

नाही. तिथे फिल्टर रोज रात्री धुवायचा. दोन संच ठेवा, एक भिजत असताना दुसरा वर. पाइप आतून साफ करायचं काम ठरावीक काळाने त्याच कामाच्या माणसांकडून करून घ्या. घरगुती चिमणी ढाब्याच्या भट्टीवर लावू नका.

२३. मुलाकडे सुरतला दोन महिने जातोय, चिमणी तशीच ठेवू का?

निघायच्या आदल्या दिवशी ऑटोक्लीन करा, वाटी रिकामी करून धुवा, फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून परत लावा. प्लग काढा. तेलकट फिल्टर तसाच ठेवला तर परत येईपर्यंत तो प्रश्न ४ मध्ये गेलेला असेल आणि झुरळं आत राहायला आलेली असतील. परत आल्यावर चिमणी लावण्याआधी बाहेरच्या तोंडाशी घरटं आहे का ते खिडकीतून बघा.